पूर्ण भूल देणार असतील, तर ब्लॉक कशासाठी?

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, त्या वेळची भूल आणि त्यानंतरच्या वेदना यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतील काही प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. उत्तरांतील माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्यक्ष निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या भूलतज्ज्ञांनी आणि शल्यचिकित्सकांनीच घ्यायचा असतो.

प्रश्न : माझ्या आईचे वय ५८ आहे. तिचा उजवा स्तन आणि काखेतील गाठी काढण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. पूर्ण भूल देणारच आहोत, शिवाय पाठीतून ब्लॉकही देऊ, असे भूलतज्ज्ञांनी सांगितले. आई झोपलेलीच असणार, तर हे दुसरे इंजेक्शन कशासाठी? हे मणक्यातले इंजेक्शन आहे का? तिला त्याचीच जास्त भीती वाटते आहे.

उत्तर : पूर्ण भूल दिल्यावर आपल्या आईंना शस्त्रक्रियेची जाणीव होणार नाही, हे खरे आहे. मात्र त्वचेवर चीर दिल्याक्षणी तेथील चेतातंतूंमधून मज्जारज्जूकडे वेदनेचे संदेश जाऊ लागतात आणि रुग्ण गाढ झोपेत असली तरी ते जातच राहतात. नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो आणि तो आटोक्यात ठेवण्यासाठी फेंटानिल किंवा मॉर्फिन यांसारख्या अफूवर्गीय औषधांची मात्रा वाढवावी लागते. हे संदेश दीड-दोन तास सतत येत राहिले की मज्जारज्जूतील पेशी अधिक संवेदनशील होतात आणि मग शुद्धीवर आलेल्या रुग्णाला साध्या हालचालीनेही तीव्र दुखते. ब्लॉक म्हणजे हे संदेश वाटेतच अडवण्याची व्यवस्था. ती आधीच केलेली असेल तर पूर्ण भुलेची आणि अफूवर्गीय औषधांची गरज कमी होते, शुद्धीवर येताना वेदना बरीच कमी असते आणि मळमळ, उलटी, गुंगी, बद्धकोष्ठ हे त्या औषधांचे त्रासही कमी होतात.

आता इंजेक्शनच्या जागेविषयी. स्तनाला संवेदना पुरवणारे चेतातंतू मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या बरगडीलगत पाठीकडून पुढे येतात. ते मज्जारज्जूतून निघून मणक्यांमधून बाहेर पडतात, तेथे मणक्याच्या बाजूला एक लहान त्रिकोणी पोकळी असते. त्या पोकळीत बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन यांसारखे बधिर करणारे औषध सोडले की त्या बाजूची छाती बधिर होते. याला पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक म्हणतात. ही पद्धत १९०५ साली ह्यूगो सेलहाइम यांनी प्रथम वर्णन केली, मधल्या काळात ती मागे पडली आणि १९७९ नंतर पुन्हा वापरात आली. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक, बरगडी आणि फुप्फुसाचे आवरण पाहत ती दिली जाते. सिझेरियनच्या वेळी देतात ते मणक्यातले इंजेक्शन आणि हे इंजेक्शन एक नव्हे. येथे सुई मणक्याच्या मधोमध न जाता बाजूला जाते, पाय बधिर होत नाहीत आणि त्याच संध्याकाळी आधार घेऊन चालता येते. सुई टोचण्यापूर्वी त्वचेवर बधिरतेचे लहान इंजेक्शन देतात आणि बहुतेक ठिकाणी सौम्य गुंगीचे औषधही देतात, त्यामुळे आईंना दाब जाणवेल, फार दुखणार नाही. काही भूलतज्ज्ञ पूर्ण भूल दिल्यानंतर ब्लॉक देतात. दोन्ही पद्धती रूढ आहेत. आईंना कोणती पसंत आहे, ते आधी सांगता येईल.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. स्तनाच्या वरच्या भागाची थोडी संवेदना मानेतून येणाऱ्या चेतातंतूंकडे असते आणि छातीच्या स्नायूंचे चेतातंतू हाताच्या चेताजालातून येतात. त्यामुळे एकाच ब्लॉकने सर्व जागा पूर्ण बधिर होईलच असे नाही. म्हणूनच ब्लॉक दिलेल्या रुग्णालाही पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारे वेदनाशामक सुरुवातीपासून दिले जाते. ब्लॉक दिला आहे म्हणून बाकीची औषधे नकोत, असा समज कोणी करून घेऊ नये.

प्रश्न : पत्नीचा स्तन न काढता फक्त गाठ काढायची आहे. माहिती शोधताना पेक्स, सेराटस, इरेक्टर स्पायनी अशी अनेक ब्लॉकची नावे दिसली. यांपैकी सर्वांत चांगला कोणता, आणि तो मागून घ्यावा का?

उत्तर : ही सर्व नावे गेल्या दीड दशकातील आहेत. राफाएल ब्लँको यांनी २०११ मध्ये छातीच्या मोठ्या आणि लहान स्नायूंच्या मधल्या थरात औषध सोडण्याची पद्धत मांडली (हाच पेक्स ब्लॉक), २०१२ मध्ये त्याहून खोल थराची भर घातली आणि २०१३ मध्ये बाजूच्या बरगड्यांवरील सेराटस स्नायूच्या थराचा ब्लॉक वर्णन केला. पाठीच्या स्नायूखालचा इरेक्टर स्पायनी ब्लॉक मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडला. हे सर्व ब्लॉक स्नायूंच्या थरांत दिले जातात, त्यांत सुई मणक्यापासून दूर राहते आणि ते शिकायला तुलनेने सोपे आहेत, म्हणून त्यांचा प्रसार वेगाने झाला. पेक्स ब्लॉकमध्ये काखेकडील भाग चांगला बधिर होतो, पण छातीच्या मधल्या हाडाजवळचा भाग सुटू शकतो. इरेक्टर स्पायनी ब्लॉकमध्ये औषध किती आणि कोठवर पसरेल, याचा अंदाज प्रत्येक रुग्णात सारखा येत नाही.

वेदनाशमनाविषयी प्रॉस्पेक्ट या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकला पहिली पसंती आहे आणि पेक्स हा त्याला पर्याय आहे. फक्त गाठ काढायची असेल तर जखमेच्या कडांमध्ये शल्यचिकित्सकाने बधिरतेचे औषध टोचणे आणि त्याला साध्या वेदनाशामकांची जोड देणे बहुधा पुरेसे होते. आपल्या पत्नीच्या बाबतीत काखेत किती काम करायचे आहे, ते विचारा. केवळ एक-दोन पहारेकरी ग्रंथी (कर्करोग काखेत पसरला तर जेथे प्रथम पोहोचतो त्या) तपासणार असतील तर मोठ्या ब्लॉकचा आग्रह धरण्याचे कारण नाही. काखेतील ग्रंथींचा पूर्ण समूह काढणार असतील तर मात्र ब्लॉकविषयी जरूर विचारावे. ब्लॉकचे नाव आपण ठरवू नये, असे माझे मत आहे. जो ब्लॉक आपले भूलतज्ज्ञ नेहमी देतात आणि ज्यावर त्यांचा हात बसलेला आहे, तोच आपल्या पत्नीसाठी अधिक सुरक्षित असतो.

प्रश्न : ब्लॉकमुळे फुप्फुसाला इजा होऊ शकते, असे ऐकले. मी हृदयविकारासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेते. मला ब्लॉक चालेल का?

उत्तर : बरगड्यांच्या आतल्या बाजूस लगेच फुप्फुसाचे आवरण असते, म्हणून पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकमध्ये त्याला छिद्र पडून छातीत हवा साचण्याची शक्यता असते. सोनोग्राफीने सुई पाहत काम करणाऱ्या अनुभवी हातांत असे क्वचितच घडते, आणि घडले तरी ते ओळखता येते व त्यावर उपचार करता येतात. दुसरा धोका औषधाच्या मात्रेचा आहे. बधिरतेचे औषध चुकून रक्तवाहिनीत गेले किंवा शरीराच्या वजनाच्या मानाने जास्त झाले तर ओठांभोवती मुंग्या येणे, तोंडात धातूसारखी चव येणे आणि कानात आवाज येणे ही पहिली लक्षणे दिसतात. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास झटके येऊ शकतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. म्हणून मात्रा वजनावरून काढतात, औषध थोडे थोडे सोडतात, सुई रक्तवाहिनीत नाही ना हे पुन्हा पुन्हा तपासतात आणि शिरेतून देण्याचे २० टक्क्यांचे स्निग्ध द्रावण तातडीच्या उपचारासाठी हाताशी ठेवतात. ब्लॉक देताना आपण जाग्या असाल आणि असे काही जाणवले, तर क्षणभरही संकोच न करता सांगावे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. मणक्यालगतच्या खोल जागेत रक्तस्राव झाला तर तेथे बाहेरून दाब देऊन तो थांबवता येत नाही, म्हणून पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकसाठी मणक्यातील इंजेक्शनसारखेच कडक नियम लावले जातात. केवळ कमी मात्रेची ॲस्पिरिन सहसा आड येत नाही. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि तत्सम नव्या औषधांसाठी ती किती दिवस आधी थांबवायची, हे प्रत्येक औषधाप्रमाणे वेगळे असते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असेल तर गोळी थांबवण्यातच मोठा धोका असू शकतो. गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांचे आपसांत बोलणे झाले आहे याची खात्री करून घ्या. गोळी थांबवणे शक्य नसेल तर छातीच्या स्नायूंच्या थरातील, तुलनेने वरवरचा ब्लॉक किंवा जखमेतील इंजेक्शन हे मार्ग शिल्लक असतात.

प्रश्न : सासूबाईंचे वय ८१ आहे आणि त्यांचे फुप्फुस कमकुवत आहे. पूर्ण भूल न देता केवळ ब्लॉकवर शस्त्रक्रिया होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते, आणि निवडक रुग्णांमध्ये ती केलीही जाते. बधिरतेच्या औषधांचे युग १८८४ मध्ये सुरू झाले. त्याच्या आधीच, १८०४ मध्ये, जपानमधील शल्यचिकित्सक हानाओका सेइशू यांनी वनस्पतींपासून केलेल्या औषधाने पूर्ण गुंगी आणून स्तनातील कर्करोगाची गाठ काढली होती. म्हणजे पूर्ण भुलेचा इतिहास याच शस्त्रक्रियेशी जोडलेला आहे; ती टाळण्याचे साधन मात्र आपल्या पिढीला मिळाले आहे. त्यासाठी बहुधा एकाहून अधिक ब्लॉक आणि सोबत सौम्य गुंगी लागते, शल्यचिकित्सकाला हळुवार हाताने काम करावे लागते आणि सासूबाईंना तासभर तरी बऱ्यापैकी आडवे पडून राहता आले पाहिजे. मध्येच दुखले किंवा अस्वस्थ वाटले तर पूर्ण भूल द्यावी लागू शकते, हे त्यांना आधी समजावून सांगा. अशी शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय निवडताना केवळ शल्यचिकित्सकाला भेटू नका, भूलतज्ज्ञांनाही भेटा. भूलपूर्व तपासणी काही दिवस आधीच करून घ्या.

प्रश्न : मागच्या शस्त्रक्रियेनंतर मला दिवसभर उलट्या होत होत्या. या वेळीही तसेच होईल का?

उत्तर : स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी असा त्रास झालेला असणे आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय औषधे लागणे ही उलट्यांची शक्यता वाढवणारी चार प्रमुख कारणे आहेत, आणि त्यांतील निदान तीन आपल्याला बहुधा लागू होतात. ही गोष्ट भूलपूर्व तपासणीत स्वतःहून सांगा. डेक्सामेथासोन आणि ऑनडॅन्सेट्रॉन यांसारखी दोन-तीन औषधे आधीच देणे, भूल शिरेतून प्रोपोफॉलने चालू ठेवणे आणि ब्लॉक देऊन अफूवर्गीय औषधे कमी करणे, असे सर्व उपाय एकत्र योजता येतात. मधुमेह असल्यास डेक्सामेथासोनने साखर काही काळ वाढू शकते, तेही सांगून ठेवावे.

प्रश्न : ब्लॉक दिल्यास कर्करोग पुन्हा होत नाही, असे एका परिचितांनी सांगितले. त्यासाठी आम्ही ब्लॉकची मागणी करावी का?

उत्तर : ही समजूत कोठून आली, ते सांगतो. शस्त्रक्रियेचा ताण, वायुरूप भूल आणि मॉर्फिनसारखी औषधे रोगप्रतिकारक पेशींना काही काळ दुबळे करतात आणि त्या काळात रक्तात सुटलेल्या कर्करोगाच्या पेशींना संधी मिळते, असा एक तर्क होता. २००६ मध्ये १२९ रुग्णांच्या जुन्या नोंदी तपासून केलेल्या अभ्यासात पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक मिळालेल्या स्त्रियांमध्ये रोग परतण्याचे प्रमाण कमी दिसले आणि जगभर आशा निर्माण झाली. जुन्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष मात्र नव्याने पडताळावा लागतो. ती पडताळणी अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून केली आणि तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोन हजारांहून अधिक स्त्रियांपैकी निम्म्यांना ब्लॉकसह प्रोपोफॉल आणि निम्म्यांना वायुरूप भूल व अफूवर्गीय औषधे दिली होती. दोन्ही गटांत रोग परतण्याचे प्रमाण सारखेच, म्हणजे १० टक्के, निघाले. तेव्हा रोग परतू नये म्हणून ब्लॉक घेण्याला आधार नाही, आणि ज्यांना ब्लॉक मिळाला नाही त्यांनी आपले काही चुकले असे मनाला लावून घेण्याचेही कारण नाही. ब्लॉक वेदनेसाठी घ्यावा, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

कदाचित आपल्या परिचितांनी दुसऱ्याच संशोधनाविषयी ऐकले असेल. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातील ११ केंद्रांत १६०० स्त्रियांचा अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या स्त्रियांच्या गाठीभोवती, ती काढण्याच्या काही मिनिटे आधी, ०.५ टक्के लिडोकेन हे बधिरतेचे औषध टोचले होते. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण लिडोकेन मिळालेल्या गटात ८६.६ टक्के आणि न मिळालेल्या गटात ८२.६ टक्के होते; हयात असलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ आणि ८६.४ टक्के होते. इतक्या साध्या आणि स्वस्त औषधाने एवढा फरक दिसावा, ही फार मोलाची गोष्ट आहे. मात्र हे इंजेक्शन शल्यचिकित्सक थेट गाठीभोवती देतात, त्याचा हेतू वेगळा आहे आणि वेदना थांबवणाऱ्या ब्लॉकशी त्याची गल्लत करू नये. आपल्या रुग्णासाठी ते योग्य आहे का, हे शल्यचिकित्सकांना अवश्य विचारा. दोन्ही इंजेक्शने देणार असतील तर बधिरतेच्या औषधाची एकूण मात्रा भूलतज्ज्ञांनी एकत्रित मोजली पाहिजे.

प्रश्न : बहिणीला ब्लॉकमुळे दिवसभर अजिबात दुखले नाही, पण मध्यरात्री एकदम असह्य कळा सुरू झाल्या. असे का झाले? जोरदार गोळ्यांची सवय लागेल म्हणून ती आता गोळ्याही टाळते आहे.

उत्तर : एकदा दिलेल्या ब्लॉकचा परिणाम साधारण अर्धा दिवस, काहींमध्ये त्याहून जास्त टिकतो आणि मग तो पुष्कळदा थोड्याच वेळात ओसरतो. दुखत नाही म्हणून संध्याकाळची गोळी चुकवली की वेदना एकदम समोर येते. यावरचा उपाय साधा आहे : बधिरता असतानाच ठरलेल्या वेळी गोळ्या सुरू करायच्या आणि पहिले काही दिवस दुखण्याची वाट न पाहता नियमाने घ्यायच्या. पॅरासिटामॉल हा त्याचा पाया असतो. प्रौढांमध्ये चोवीस तासांत एकूण ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडायची नाही, आणि वजन कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मात्रा त्याहून कमी ठेवावी लागते. आयबुप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण किंवा रक्तस्रावाची शक्यता असल्यास देत नाहीत. ट्रामाडॉलसारखी जोरदार गोळी थोडे दिवस, एवढ्यानेही थांबले नाही तर घ्यायची असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसच घेतल्यास सवय लागण्याची शक्यता कमी असते. न घेतल्याचा तोटा मात्र लगेच दिसतो. दुखते म्हणून बहीण हात हलवणार नाही, खांदा आखडेल आणि पुढे रेडिएशनच्या वेळी हात डोक्यावर नेणेही कठीण होईल.

वेदना वाढण्याबरोबर जखमेची जागा एकाएकी फुगून ताणली गेली, जखमेत ठेवलेल्या नळीतून ताजे रक्त वेगाने येऊ लागले, धाप लागली किंवा ताप आला, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहत बसू नये. लगेच रुग्णालयात कळवावे.

प्रश्न : माझ्या शस्त्रक्रियेला दीड वर्ष झाले. सर्व तपासण्या चांगल्या आहेत. तरीही काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूस जळजळ होते, मध्येच विजेचा झटका बसल्यासारखे होते, ब्लाउजची शिवण घासली तरी सहन होत नाही. जीव वाचला हेच पुष्कळ, असे घरचे म्हणतात. कर्करोग परतू नये म्हणून मी टॅमॉक्सिफेनची गोळी घेते. यावर उपाय आहे का?

उत्तर : उपाय आहेत. आपण हे कोणालाच सांगितले नसेल, तर आता सांगितलेत हे फार चांगले केलेत. आपण वर्णन केलेली जागा आणि वेदनेचा प्रकार पाहता, दुसऱ्या बरगडीलगतच्या चेतातंतूची जी शाखा काखेतून दंडाकडे जाते, तिला काखेतील ग्रंथी काढताना ताण बसलेला किंवा छेद गेलेला असण्याची शक्यता आहे. ही शाखा ग्रंथींच्या मधूनच जाते आणि कुशल शल्यचिकित्सकालाही ती प्रत्येक वेळी वाचवता येत नाही. दुखावलेला चेतातंतू स्वतःहून वेदनेचे संदेश पाठवत राहतो. तपासण्यांत त्याचे काही दिसत नाही, म्हणून वेदना खोटी ठरत नाही. डेन्मार्कमध्ये तीन हजारांहून अधिक स्त्रियांना विचारून २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर एक ते तीन वर्षांनीही ४७ टक्के स्त्रियांना दुखत होते आणि त्यांतील १३ टक्क्यांची वेदना तीव्र होती. कमी वय, काखेतील ग्रंथींचा पूर्ण समूह काढणे आणि रेडिएशन यांमुळे ही शक्यता वाढते, असेही त्यात दिसले. आधी उल्लेख केलेल्या २०१९ च्या अभ्यासात ब्लॉक घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांमध्ये सहा महिन्यांनी जखमेच्या जागी दुखण्याचे प्रमाण सारखेच होते. इतर लहान अभ्यासांतून ब्लॉकचा काही फायदा दिसतो, पण त्याने दीर्घ वेदना टळेलच अशी हमी मी कोणत्याही रुग्णाला देत नाही.

प्रथम शल्यचिकित्सकांकडून ती जागा हाताने तपासून घ्या. नवी गाठ, हाताची सूज, खांदा आखडणे आणि काखेतून दंडाकडे जाणाऱ्या ताठ दोऱ्या या गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात, कारण त्यांचे उपचार वेगळे आहेत. चेतातंतूंची वेदना असल्याचे ठरले तर नेहमीच्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, कमी मात्रेतील अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन ही औषधे सावकाश मात्रा वाढवत दिली जातात आणि त्यांचा परिणाम कळायला काही आठवडे लागतात. त्वचेवर लावण्याची लिडोकेनची पट्टी, फिजिओथेरपी आणि त्वचेला मऊ स्पर्शाची हळूहळू सवय करणे यांचीही जोड देतात. एवढ्याने भागले नाही तर वेदनातज्ज्ञ त्याच चेतातंतूभोवती सोनोग्राफीने पाहून ब्लॉक देऊ शकतात.

टॅमॉक्सिफेनविषयी विशेष काळजी घ्या. हे औषध यकृतातील एका विशिष्ट विकराकडून (एन्झाइमकडून) त्याच्या प्रभावी रूपात बदलले जाते, आणि पॅरोक्सेटिन व फ्लुओक्सेटिन ही औषधे तो विकर जोराने अडवतात. ड्युलॉक्सेटिनही त्याला काही प्रमाणात अडवते. वेदनेसाठी, झोपेसाठी किंवा मन उदास राहते म्हणून कोणत्याही डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली, तर आपण टॅमॉक्सिफेन घेत आहात हे त्यांना आधी सांगा आणि ती गोळी सुरू करण्यापूर्वी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा.